लिंबाचं तेल : घरात जपून, अंगावर मोजून, उन्हात नकोच



गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगतो. एका गावात बचत गटाच्या महिलांसाठी लिंबू प्रक्रियेचं प्रशिक्षण ठेवलं होतं. लोणचं, सरबत, सालीच्या साखरेतल्या फोडी असा बेत होता. बोलून दाखवण्यापेक्षा करून दाखवलेलं बरं, म्हणून मीच बाह्या वर सारल्या आणि दीड-दोनशे कागदी लिंबं कापून, पिळून दिली. गावात टँकरचं पाणी. हात धुवायला उगीच कशाला पाणी सांडा, म्हणून फडक्याला हात पुसले आणि मोटारसायकल काढून एका शेतकऱ्याचा ठिबक संच बघायला गेलो. वेळ भर दुपारची.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाताच्या पाठी चरचरायला लागल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर मनगटापासून कोपरापर्यंत लाल ओघळ आणि त्यावर पाण्याचे फोड. आई म्हणाली, "झोपेत कोळी फिरला असेल अंगावरून." शेजारचे अण्णा म्हणाले, "नागीण आहे, गेरू लाव." शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी फोडांचा आकार बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "लिंबं पिळून उन्हात फिरलात का?"

रसाचे ओघळ जिथून खाली आले होते, तिथेच फोड आले होते. फोड आठवड्यात बसले, पण काळपट डाग गणपतीपर्यंत टिकले. दहा-बारा वर्षं गावोगाव फिरून "फवारणी करताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा" असं सांगणारा माणूस मी, आणि घरच्या लिंबाने भाजलो. चूक सर्वस्वी माझीच होती.

हे सांगायचं कारण म्हणजे सध्या लिंबाच्या तेलाच्या छोट्या बाटल्या खेड्यापाड्यांत पोचल्या आहेत. तालुक्याच्या बाजारात मिळतात, घरपोच येतात, आणि मोबाईलवर त्यांचे गुण गाणाऱ्यांना तर तोटाच नाही. दोन थेंब पाण्यात घ्या, वजन उतरेल. चेहऱ्याला लावा, उजळाल. हातापायाला चोळा, डास येणार नाहीत. यातलं खरं किती, खोटं किती, आणि घरात या तेलाचा उपयोग करायचाच तर कसा करावा, हे आज पाहू.

तेल सालीत, रसात नाही

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. लिंबाचं तेल रसात किंवा बियांत नसतं, सालीत असतं. पिकलेल्या लिंबाची साल उजेडात धरून बघा. बारीक बारीक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या. साल नखाने दाबली की नाकाला जो झणका लागतो, तेच तेल.

खात्री करायची असेल तर मोठ्या माणसांनी एक प्रयोग करून बघावा. पेटत्या मेणबत्तीजवळ सालीचा तुकडा दुमडून दाबा. उडालेल्या तुषारांच्या तडतड ठिणग्या होतील. म्हणजे हे तेल रॉकेलसारखंच पेट घेणारं आहे. दुसरा प्रयोग असा. थर्मोकोलच्या तुकड्यावर बाटलीतल्या तेलाचा एक थेंब टाका. थर्मोकोल बघता बघता विरघळून खड्डा पडेल. या तेलातला मोठा भाग लिमोनीन नावाच्या द्रव्याचा असतो, आणि चिकट, तेलकट पदार्थ विरघळवणं हा त्याचा गुणच आहे. तेल घरकामाला उपयोगी पडतं ते याच गुणामुळे, आणि जपून वापरायचं तेही याच गुणामुळे.

आणखी एक गैरसमज दूर करू. लिंबात क जीवनसत्त्व असतं, म्हणून लिंबाच्या तेलातही असणार, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारं आहे, तेलात ते उतरत नाही. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारी डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या खलाशांना संत्री आणि लिंबं देऊन बरं केलं, ते फळ खायला देऊन. तेव्हा क जीवनसत्त्व हवं असेल तर ताटातल्या फोडीला तोड नाही. त्यासाठी बाटलीवर पैसे घालवू नका.

नावाचा घोटाळा

बाटलीवर 'लेमन' लिहिलेलं असतं ते बहुधा आपलं कागदी लिंबू नसतं. आपल्याकडे श्रीगोंदा-कर्जत भागात किंवा अकोला-बुलढाण्याकडे जी पातळ सालीची, गोल लिंबं पिकतात, त्यांना इंग्रजीत 'लाईम' म्हणतात. 'लेमन' म्हणजे जाड सालीचं, टोकाला बोंडी असलेलं पिवळं लिंबू. त्याच्या मोठ्या बागा इटलीच्या सिसिली बेटावर, स्पेनमध्ये, अर्जेंटिनात आणि अमेरिकेच्या कॅलिफोर्नियात आहेत. सिसिलीत पूर्वी बायामाणसं लिंबाची साल हाताने स्पंजवर दाबून तेल काढत. आता यंत्रं आली, पण तत्त्व तेच : साल दाबायची, तापवायची नाही. हजार किलो लिंबांमागे तेल निघतं साधारण पाच किलोच्या आसपास. एक बाटली भरायला किती फळं लागतात याचा अंदाज यावरून येईल. फारच स्वस्त बाटली दिसली तर आत काय असेल, याचा विचार करा.

यात आणखी तीन नावं मिसळतात. गवती चहाच्या तेलाला लिंबासारखा वास येतो, पण ते गवताचं तेल. सिट्रोनेला हेही त्याच जातकुळीतलं गवत. आणि 'लेमन युकॅलिप्टस' म्हणजे लिंबाच्या वासाचा निलगिरी. वास सारखा म्हणून गुण सारखे असं समजू नका. डासांच्या बाबतीत हा घोटाळा फार महागात पडतो, ते पुढे येईलच.

घरकामात कसं वापरावं

आधी फुकटचा माल वापरा. सरबत करून आपण ज्या साली उकिरड्यावर टाकतो, त्यात तेल शिल्लक असतंच. घरातली निम्मी कामं त्या सालींवर भागतात.

तांब्या-पितळेची भांडी : पिळलेल्या फोडीवर मीठ घेऊन घासा. हे आपल्या आज्याही करत. इथे काम करतं ते लिंबाचं आम्ल, तेल नव्हे. कुकर आतून काळा पडू नये म्हणून तळाच्या पाण्यात फोड टाकतात, तेही आम्लाचंच काम.

चिकट डाग : बरणीवर चिकटलेल्या कागदाचा डिंक, फणस चिरलेल्या विळीवरचा चीक, डब्याला लागलेलं डांबर, ओट्यावरचा तेलकट थर यांवर मात्र तेलाचा उपयोग होतो. जुन्या फडक्यावर दोन-तीन थेंब घ्या, डागावर थोडा वेळ ठेवा, पुसा आणि मग साबणाच्या पाण्याने धुवा. शेगडी पुसायची असेल तर ती बंद आणि पूर्ण गार हवी. चूल, दिवा, उदबत्ती जवळ नको.

फरशी पुसणे : तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. म्हणून बादलीत नुसते थेंब टाकण्यात अर्थ नाही. आधी चमचाभर पातळ साबणात दहा-बारा थेंब घोटा आणि मग ते अर्ध्या बादली पाण्यात घाला. वास छान येतो, चिकटपणा जातो. ज्यांच्या घरी शहाबादी किंवा संगमरवरी फरशी आहे, त्यांनी लिंबाचा रस किंवा व्हिनेगर मात्र त्यावर वापरू नये. हे दगड चुनखडीचे आहेत. आम्लाने त्यांचा तुळतुळीतपणा जातो आणि पांढरे डाग पडतात, ते मग निघत नाहीत.

सालीचं व्हिनेगर : काचेच्या बरणीत साली भरून त्या बुडतील इतकं पांढरं व्हिनेगर ओता. दोन आठवडे झाकून ठेवा. गाळून तेवढंच पाणी मिसळलं की खिडकीच्या काचा, नळाच्या तोट्यांवरचा पांढरा थर, मोरीच्या टाइल्स यांसाठी चांगलं द्रावण होतं. दगडी फरशीवर हेही नको.

मुंग्या : मुंग्यांची रांग लागली तर वाट साबणाच्या पाण्याने पुसून घ्या आणि नंतर ताज्या सालीने चोळा. त्यांच्या वासाची वाट मोडते. वारूळ मात्र याने जात नाही.

दोन गोष्टी बजावून सांगतो. एक, हे तेल पिण्याच्या पाण्याचं निर्जंतुकीकरण करत नाही. विहिरीच्या आणि टाकीच्या पाण्याला टीसीएल पावडरच हवी. तिथे लिंबाच्या भरवशावर राहणं म्हणजे गावात गॅस्ट्रोला आमंत्रण. दुसरं, गांडूळखताच्या बेडमध्ये लिंबाच्या साली टाकू नका. सालीतलं तेल गांडुळांना सोसत नाही. साध्या कंपोस्ट खड्ड्यात शेण-काडीकचऱ्याबरोबर टाका, तिथे त्या कुजून जातात.

ज्या बागेत फवारणी झाली आहे, तिथल्या फळांची साल वापरायची असेल तर औषधाच्या डब्यावर लिहिलेला काढणीपूर्व प्रतीक्षा काळ पुरा झालेला असावा. आपण फळ धुतो आणि रस घेतो, साल टाकतो. साल वापरायची म्हटलं की हिशेब बदलतो.

हुंगण्याचा गुण खरा आहे

घाटातल्या एसटीत बसताना बाया-मुलांच्या हातात लिंबू असतं. मळमळलं की हुंगायचं. या जुन्या सवयीत तथ्य आहे. इराणमध्ये शंभर गरोदर महिलांवर एक चाचणी झाली, तिचा अहवाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. लिंबाच्या तेलाचा वास घेणाऱ्या महिलांची मळमळ, उलटी दुसऱ्या गटापेक्षा कमी झाल्याचं त्यात आढळलं. एका चाचणीवरून फार मोठं अनुमान काढू नये, पण कापसाच्या बोळ्यावर एक-दोन थेंब घेऊन दुरून हुंगण्यात खर्चही नाही आणि धोकाही थोडा. तेवढं सुद्धा नको असेल तर ताजी साल नखाने दाबा आणि हुंगा, तेच तेल ताज्या रूपात मिळतं.

दिवसभराच्या कामाने डोकं जड झालं, खोलीत कोंदट वास आहे, अशा वेळी वाटीभर गरम पाण्यात तीन-चार थेंब टाकून खोलीत ठेवलं तर प्रसन्न वाटतं. वाटी लहान मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. घरात दमेकरी असेल तर आधी विचारा, काहींना तीव्र वासाने धाप लागते. खिडकी उघडी ठेवा. उकळत्या पाण्यात तेल टाकून तोंडावर टॉवेल घेऊन वाफारा मात्र घेऊ नये, डोळ्यांची आग होते.

इतका उपयोग मान्य. पण याने मधुमेह बरा होतो, कर्करोग जातो, चरबी वितळते, शरीरातलं विष निघून जातं, असं कुणी सांगत असेल तर त्याला आधार नाही. चालू असलेली गोळी या तेलाच्या नादाने बंद केली, असं कुणाही घरात होऊ देऊ नका.

अंगाला लावणार असाल तर

आता माझ्या हाताला फोड का आले ते सांगतो, कारण शेतात राबणाऱ्यांसाठी सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाच आहे.

लिंबाच्या सालीत तेलाबरोबर फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. नुसती असताना ती गप्प बसतात. पण कातडीवर असताना ऊन पडलं की उन्हातल्या अतिनील किरणांनी ती जागी होतात आणि कातडी आतून भाजते. आपल्याला बावची माहीत आहे. कोडावर बावची लावून उन्हात बसवायची पद्धत जुनी आहे, आणि प्रमाण चुकलं तर फोड येतात हेही जाणत्यांना माहीत आहे. बावचीतली आणि लिंबाच्या सालीतली द्रव्यं एकाच कुळातली. अंजिराच्या पानांच्या आणि चिकाच्या अंगीही हाच गुण असतो.

हे भाजणं फसवं असतं. ऊन लागतं आज, आग होते उद्या, फोड येतात परवा. त्यामुळे लिंबाचा संशय कुणाला येत नाही. कोळ्यावर, पालीवर किंवा करणीवर आळ जातो. ढगाळ हवेतही ही किरणं खाली पोचतात, तेव्हा आभाळ आलंय म्हणून निर्धास्त राहू नका.

आपल्या मुली, सुना चेहरा उजळावा म्हणून लिंबू चोळतात आणि तशाच अंगणात धुणं वाळत घालायला जातात. कोंड्यासाठी केसांना लिंबू लावून उन्हात वाळवत बसतात. उजळणं राहिलं बाजूला, कपाळावर आणि गालावर काळे डाग बसतात आणि ते महिनोनमहिने जात नाहीत. घरच्या रसाची ही गत, तर बाटलीतल्या नुसत्या तेलाची काय असेल, याचा विचार करा.

म्हणून हे नियम पाळा :

१) बाटलीतलं तेल कधीही जसंच्या तसं अंगाला लावू नका. खोबरेल किंवा तिळाच्या तेलात मिसळूनच वापरा. ३० मिलि तेलात, म्हणजे पोह्याचे दोन मोठे चमचे तेलात, लेमनचे सहा थेंब. हे साधारण एक टक्का प्रमाण झालं. कागदी लिंबाचं दाबून काढलेलं तेल जास्त कडक असतं, त्याचे तीन थेंब पुरेत.

२) लावायचं ते रात्री, आणि कपड्याखाली झाकल्या जाणाऱ्या पाठ-कंबरेसारख्या भागालाच. सकाळी साबणाने धुवून मगच शेतावर जा. चेहरा, मान आणि हात यांना लावूच नका.

३) पहिल्यांदा वापरताना मिसळलेल्या तेलाचा एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघा. खाज, लाली आली तर तो नाद सोडा.

४) लहान मुलांना लावू नका. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय अंगाला लावू नये. खरचटलेली जागा, इसब, डोळ्याभोवतीची कातडी इथे नको.

५) आंघोळीच्या बादलीत थेंब टाकू नका. ते वर तरंगतात आणि तसेच अंगाला चिकटतात.

६) लिंबं कापणं, पिळणं, लोणच्यासाठी चिरणं हे काम झालं की कोपरापर्यंत साबणाने हात धुवा आणि मगच उन्हात जा. रसवंती आणि सरबताच्या गाडीवाल्यांनी हे विशेष पाळावं. दिवसभर लिंबू हातात आणि ऊन डोक्यावर, अशी त्यांची परिस्थिती असते. दंडावर पूर्ण बाहीचा सदरा असला तर आणखी चांगलं.

एवढं करूनही फोड आलेच, तर ते फोडू नका. गार पाण्याचं ओलं फडकं ठेवा, ऊन टाळा आणि दवाखान्यात जा. गेरू, चुना, टूथपेस्ट यांचे लेप देऊ नका. आणि डॉक्टरांना आठवणीने सांगा की लिंबू हाताळलं होतं.

पोटात नको

सकाळी कोमट पाण्यात लिंबू पिळून घेणं वेगळं आणि तेलाचे थेंब टाकून पिणं वेगळं. तेल पाण्यात मिसळत नाही. थेंब वरच राहतो आणि तसाच्या तसा घशाला, पोटाच्या अस्तराला लागतो. ज्याने थर्मोकोल विरघळतं, ते आतड्याला काय सुखावणार? बिस्किटं, गोळ्या, सरबतं यांत कारखानदार हे तेल स्वाद म्हणून वापरतात, पण ते अत्यल्प मोजमापाने आणि खाद्य दर्जाचं. तुमच्या हातातली बाटली त्या कामाची नाही. सालीतलं तेल पोटात जायचंच असेल तर त्याला आपलं लिंबाचं लोणचं आहे. मुरलेल्या फोडीत साल येतेच, आणि ते आपल्याला पिढ्यान्पिढ्या मानवलेलं आहे.

बाटलीचा वास सरबतासारखा येतो, म्हणून लहान मुलं ती तोंडाला लावतात. बाटली उंच आणि कुलपात ठेवा, जशी कीटकनाशकं ठेवता तशी. मुलाने तेल प्यायलंच, तर त्याला ओकायला लावू नका. ओकताना तेल फुप्फुसात गेलं तर जास्त घात होतो. मीठपाणी, दूध असले उपाय करत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा, आणि बाटली बरोबर न्या.

डास आणि जनावरं

मघाशी नावाचा घोटाळा म्हटलं तो इथे येतो. डासांपासून बचावासाठी ज्या 'लेमन' तेलाचं नाव जगभर घेतलं जातं, ते लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून प्रक्रिया करून बनवलेलं असतं. तेही तीन वर्षांखालच्या मुलांना लावत नाहीत. आपल्या लिंबाच्या तेलाचा वास चटकन उडून जातो. त्यावर भरवसा ठेवून डेंग्यू-हिवतापाच्या दिवसांत उघड्यावर झोपू नका. लिंबात लवंगा खोचून उशाशी ठेवण्याचंही तेच. वास छान, पण मच्छरदाणीची बरोबरी नाही. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, रांजण-टाक्या रिकाम्या करून घासा, गच्चीवरचे जुने टायर उचला. डास त्याने कमी होतात.

गोचीड मरतात म्हणून गाई-म्हशीला किंवा कुत्र्याला हे तेल चोळू नका. कातडीला आग होते, आणि जनावर चाटून ते पोटात घेतं. मांजराला तर लिमोनीन विषासारखं बाधतं. दूध काढण्याच्या जागीही हे तेल नको. दूध आजूबाजूचा वास ओढून घेतं, आणि डेअरीवर मग तुम्हाला ऐकून घ्यावं लागतं. गोचिडांसाठी पशुवैद्यकीय दवाखान्याचाच सल्ला घ्या.

बाटली घेताना आणि ठेवताना

लेबल वाचा. झाडाचं शास्त्रीय नाव असावं : लेमनसाठी सिट्रस लिमॉन, कागदी लिंबासाठी सिट्रस ऑरंटिफोलिया. काढण्याची पद्धत असावी. 'कोल्ड प्रेस्ड' म्हणजे दाबून काढलेलं, ते उन्हात बाधतं. 'स्टीम डिस्टिल्ड' म्हणजे वाफेवर काढलेलं. फ्युरोकुमारिन वाफेबरोबर वर येत नाहीत, त्यामुळे उन्हात बाधण्याचा धोका त्यात फारसा नसतो. बाकीचे नियम मात्र त्यालाही लागू. नुसतं 'फ्रॅग्रन्स' लिहिलं असेल तर तो कृत्रिम वास समजा. उत्पादन तारीख आणि पत्ता नसलेली बाटली घेऊच नका.

एक सोपी परीक्षा आहे. पांढऱ्या टीपकागदावर एक थेंब टाका आणि दिवसभर ठेवा. शुद्ध तेल जवळजवळ सगळं उडून जातं, फार तर फिकट पिवळी कडा राहते. वड्याच्या कागदासारखा पारदर्शक तेलकट डाग राहिला तर त्यात खाद्यतेल मिसळलेलं आहे. मात्र ही परीक्षा सगळीच भेसळ पकडत नाही.

बाटली गडद रंगाच्या काचेची हवी. झाकण घट्ट, जागा गार आणि अंधारी, चुलीपासून लांब. हवा लागून तेल जुनं झालं की त्याने कातडीला ॲलर्जी होण्याचा धोका वाढतो. म्हणून उघडलेली बाटली वर्षाच्या आत संपवा. वास बदलला, तेल चिकट झालं तर अंगाला लावू नका. १५ मिलिच्या बाटलीत साधारण तीनशे थेंब असतात. सहा थेंबांच्या हिशेबाने ती पुष्कळ पुरते. मोठी बाटली घेण्याची गरज नाही.

तेलाचा धंदा करावा का?

हा प्रश्न मला लिंबाच्या प्रत्येक गावात विचारतात. आंबे बहराची लिंबं पावसाळ्याच्या तोंडाला एकदम येतात, भाव पडतो, तोडणीची मजुरीही निघत नाही. मग वाटतं, तेल काढावं. वाटणं साहजिक आहे. पण हजार किलोला पाच किलोचा हिशेब आठवा. त्यात यंत्र, इंधन, तपासणी अहवाल आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक. जगात हे तेल बहुतेक रस काढणाऱ्या कारखान्यांतच निघतं, कारण तिथे रसही विकला जातो आणि सालही. एकट्या शेतकऱ्याने आधी यंत्र घेऊन मग गिऱ्हाईक शोधायला निघू नये. गटाने लोणचं आणि सरबत यांत पाय रोवावा, सालीचा विचार त्यानंतर. आणि भाव पडण्यावरचा मुख्य इलाज म्हणजे हस्त बहराचं नियोजन करून उन्हाळ्यात फळ आणणं. त्यासाठी राहुरी आणि अकोल्याची कृषी विद्यापीठं आणि नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था यांच्या शिफारशी आहेत. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात त्या मिळतील.

शेवटी

सरपंच, ग्रामपंचायतीचे अधिकारी, अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांना एक विनंती. पुढच्या ग्रामसभेत, महिला मेळाव्यात तीन वाक्यं सांगा : लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, तेल पोटात घेऊ नका, बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. बचत गटांच्या प्रशिक्षणात लिंबू कापण्याचं काम असेल तर साबण आणि पाण्याची बादली आधी मांडून ठेवा.

लिंबू आपल्या दारातलं झाड आहे. त्याची साल भांडी उजळवते, घर सुगंधी करते, घाटात मळमळ थांबवते. त्याच्याकडून तेवढं काम घ्यावं, डॉक्टरचं काम त्याच्यावर लादू नये. मी आता प्रशिक्षणाला जाताना पिशवीत साबणाची वडी ठेवतो. गावात पाणी टँकरचं असलं तरी हात धुण्यापुरतं तांब्याभर पाणी मागून घेतो. तुम्हीही मागून घ्या, लाजू नका.